फाइल दिसते, पण आहे का? कामाच्या फायली सिंक आणि ऑफलाइन ठेवण्याची पूर्ण पद्धत

तळघरातल्या एका बैठकीच्या खोलीत मी हा धडा शिकलो. फोनला रेंज नव्हती आणि पाहुण्यांसाठीचं वाय-फाय बंद होतं. लॅपटॉपवर मात्र माझा फोल्डर नेहमीसारखा समोर होता. सादरीकरणाच्या फाइलचं नाव, तारीख, आकार, सगळं दिसत होतं. दोनदा क्लिक केलं तर इंटरनेट नसल्याची सूचना आली. फाइल माझ्या लॅपटॉपवर कधी नव्हतीच, होती ती फक्त तिच्या नावाची पाटी.

त्यानंतर बऱ्याच सहकाऱ्यांचे लॅपटॉप मी या एका प्रश्नासाठी तपासले. जवळजवळ प्रत्येक वेळी गोंधळाचं मूळ तेच निघालं. सिंक, ऑफलाइन आणि बॅकअप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. ऑफलाइन म्हणजे फाइलचा पूर्ण मजकूर या यंत्रावर असणं. बॅकअप म्हणजे चूक झाली तरी जुनं परत मिळणं. एक आहे म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही.

आधी फाइल नेमकी कुठे आहे ते बघा

विंडोजवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फायली सिंक करणारी सेवा, असेल तर प्रत्येक फाइलशेजारी छोटं चिन्ह असतं. निळा ढग दिसला तर फाइल फक्त क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात आहे. पांढऱ्या गोलात हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल सध्या यंत्रावर आहे, पण जागा कमी पडली किंवा तशी सेटिंग असली तर ती परत ढगात जाऊ शकते. भरलेल्या हिरव्या गोलात पांढरी खूण असेल तर तुम्ही ती कायम यंत्रावर ठेवायला सांगितलेली आहे. मधल्या चिन्हावर लोक सर्वात जास्त फसतात. काल उघडलेली फाइल आज प्रवासात उघडेल असं ते धरून चालतात, आणि बऱ्याचदा ती उघडतेही. म्हणूनच सवय मोडत नाही.

गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये दोन पद्धती आहेत. 'स्ट्रीम'मध्ये फायली क्लाउडवर राहतात आणि उघडल्या की खाली येतात. 'मिरर'मध्ये 'माय ड्राइव्ह'ची पूर्ण प्रत यंत्रावर असते. कोणती पद्धत चालू आहे हे ॲपच्या प्राधान्यक्रमांत, म्हणजे 'प्रेफरन्सेस'मध्ये, दिसतं. ड्रॉपबॉक्समध्येही ढगाचं चिन्ह म्हणजे फक्त ऑनलाइन आणि हिरवी खूण म्हणजे यंत्रावर. मॅकवर आयक्लाउडमध्ये नावाशेजारी ढग आणि खाली जाणारा बाण दिसला तर ती फाइल यंत्रावर नाही.

चिन्हांवर विश्वास बसत नसेल तर विंडोजवर एक खात्रीची खूण आहे. फाइलवर उजवं क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' या दोन ओळी शेजारीशेजारी वाचा. पहिल्या ओळीत ४० एमबी आणि दुसरीत ० बाइट असेल तर तुमच्याकडे फक्त नाव आहे.

सगळंच ऑफलाइन ठेवू नका

धडा शिकल्यावर पहिली प्रतिक्रिया असते ती सगळं डाउनलोड करून ठेवण्याची. मीही तेच केलं होतं. लॅपटॉपची डिस्क भरली, सिंक अडकलं आणि जे खरंच हवं होतं तेच रांगेत मागे राहिलं. शिवाय यंत्रावर जितकं जास्त, तितकं लॅपटॉप हरवल्यावर जास्त उघडं पडतं.

हा प्रश्न क्लाउडहून जुना आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ साली महादेव सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली 'कोडा' ही फाइल व्यवस्था तयार होऊ लागली. नेटवर्क तुटलं तरी काम चालू राहावं हा तिचा एक मुख्य उद्देश होता. तिथे वापरणारा आधी एक यादी देत असे, कोणत्या फायली किती महत्त्वाच्या आहेत याची. यंत्रणा अधूनमधून ती यादी बघून साठा ताजा ठेवायची. आजची ॲप्स पुष्कळ हुशार झाली, पण तुम्ही उद्या कुठे जाणार हे त्यांना अजूनही कळत नाही. यादी आपल्यालाच करावी लागते.

मी ती तीन ढिगांत करतो. पहिला ढीग कायम यंत्रावर राहतो: रोजच्या वापरातले साचे, संपर्कयादी, चालू प्रकल्पाचा एक फोल्डर. दुसरा ढीग प्रसंगापुरता असतो. बैठकीपूर्वी खाली घ्यायचा आणि परतल्यावर सोडायचा. तिसऱ्यात उरलेलं सगळं, म्हणजे जुने प्रकल्प, मोठे व्हिडिओ, संग्रह. ते ढगातच बरे. पहिला ढीग लहान ठेवण्यावर ठाम राहा. वर्षभर न उघडलेला फोल्डर 'कायम'मध्ये दिसला तर तो तिथून काढा.

फायली खाली घ्या

वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. एकेका फाइलऐवजी फोल्डरला ही खूण लावणं चांगलं, कारण सहकाऱ्याने उद्या त्यात नवी फाइल टाकली तर तीही आपोआप खाली येते. गूगल ड्राइव्ह 'स्ट्रीम' पद्धतीत असेल तर उजव्या क्लिकमध्ये 'ऑफलाइन ॲक्सेस'खाली 'अव्हेलेबल ऑफलाइन' मिळतं. ड्रॉपबॉक्समध्येही उजव्या क्लिकवर ऑफलाइन ठेवण्याचा तसाच पर्याय आहे. मॅकच्या नव्या आवृत्त्यांत आयक्लाउडसाठी 'कीप डाउनलोडेड' आलं आहे.

गूगल डॉक्स, शीट्स आणि स्लाइड्सबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. कितीतरी लोक 'मिरर' पद्धत लावून निर्धास्त होतात. पण या प्रकारच्या फायली यंत्रावर दिसल्या तरी त्यांच्यात मजकूर नसतो. ती फक्त ऑनलाइन दस्तऐवजाकडे नेणारी खूण असते. तिची पेन ड्राइव्हवर प्रत घेतली तर हाती काही लागत नाही. या फायली इंटरनेटशिवाय उघडायच्या असतील तर इंटरनेट असतानाच क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑफलाइन' चालू करावं लागतं. 'गूगल डॉक्स ऑफलाइन' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी भर, तेही लागतं. नंतर महत्त्वाच्या दस्तऐवजांवर वेगळी ऑफलाइनची खूण करा. खासगी, म्हणजे 'इनकॉग्निटो' खिडकीत यातलं काही चालत नाही. बैठक फारच महत्त्वाची असेल तर मी एक पीडीएफ प्रतही उतरवून ठेवतो.

फोनवर बहुतेक ॲप्समध्ये फाइलशेजारच्या तीन टिंबांमध्ये ऑफलाइनचा पर्याय मिळतो. तो दाबल्यावर लगेच ॲप बंद करू नका. डाउनलोड पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत थांबा. मोठ्या फायली अर्धवट राहण्याचं हेच सर्वात साधं कारण असतं.

नावं आणि जागा: आधी आवरा, मग सिंक करा

सिंक अडकल्याच्या तक्रारींत दोष बऱ्याचदा नावात सापडतो. वनड्राइव्हला फाइलच्या नावात \ / : * ? " < > | यांतलं एकही चिन्ह चालत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं रचत गेलात तर नावासह पूर्ण मार्गाची लांबी ४०० अक्षरांच्या आत राहावी लागते. सिंक होणाऱ्या फायलींची एकूण संख्या ३,००,००० च्या पुढे गेली तर वनड्राइव्ह मंदावतं, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. तारखा नावात लिहायच्या तर तिरकी रेघ टाळा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी छोटी रेघ, असं लिहिलं की क्रमही नीट लागतो.

सिंकच्या फोल्डरात काय ठेवू नये, हेही ठरवून टाका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा, ॲक्सेसचे डेटाबेस, आउटलुकच्या पीएसटी फायली (मेलचा साठा), व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक). या फायली सतत उघड्या असतात आणि त्यांतल्या लहान लहान भागांत सारखे बदल होत राहतात. दोन यंत्रांवरून त्यांना हात लागला तर फाइल बिघडू शकते. त्यांच्यासाठी त्या त्या सॉफ्टवेअरची स्वतःची बॅकअपची सोय वापरा आणि तयार झालेली बॅकअप फाइल क्लाउडवर टाका.

एका सिंक फोल्डरच्या आत दुसऱ्या सेवेचा फोल्डर कधीच ठेवू नका. दोन्ही ॲप्स एकाच फाइलवर काम करू लागतात आणि गुंता सोडवता सोडवता दिवस जातो.

निघण्यापूर्वीची चाचणी

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि हीच सगळे गाळतात. निघायच्या आदल्या दिवशी, घाईच्या दहा मिनिटांत नव्हे, असं करा:

१. सिंकच्या चिन्हावर क्लिक करून सगळं अद्ययावत असल्याची सूचना वाचा. बाण फिरत असतील तर थांबा.

२. वाय-फाय बंद करा किंवा विमान मोड लावा.

३. लागणारी प्रत्येक फाइल उघडा. नुसती उघडू नका, शेवटच्या पानापर्यंत जा. एक्सेलमध्ये दुसऱ्या फाइलमधून येणारे आकडे आणि सादरीकरणातले जोडलेले व्हिडिओ हमखास इथेच पकडले जातात, कारण मुख्य फाइल यंत्रावर असते आणि जोडलेली ढगात.

४. एका फाइलमध्ये छोटासा बदल करून सेव्ह करा, मग इंटरनेट चालू करा आणि तो बदल वर गेला का ते ब्राउझरमध्ये बघा.

या चाचणीत कधीकधी फाइल सोडून भलतीच गोष्ट अडते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲप्सना साधारणपणे ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटवर जाऊन परवाना तपासावा लागतो. तसं झालं नाही तर फायली वाचता येतात, पण त्यांत बदल करता येत नाहीत. लांबच्या कामावर, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी महिनाभर राहणाऱ्यांनी हे आधीच बघून घ्यावं. कंपनीच्या लॅपटॉपवर लॉगिनची मुदत संपण्याचाही नियम असू शकतो, तो आयटी विभागाला विचारा.

मोबाइल हॉटस्पॉटवर आणखी एक गोष्ट होते. विंडोजमध्ये ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजून डेटा वापरायची, म्हणून नोंदली असेल किंवा बॅटरी सेव्हर चालू असेल तर वनड्राइव्ह सिंक थांबवू शकतं. इंटरनेट चालू दिसतं, पण तुमचा बदल वर जात नाही. चिन्हावर विरामाची खूण दिसली तर सिंक हाताने चालू करा.

नेटवर्क नसताना काम करताना

गटात आधी ठरवून घ्या की मी ऑफलाइन असताना या फाइलला कोणी हात लावणार नाही. एवढा एक निरोप पाठवला तरी बराच त्रास वाचतो. ते शक्य नसेल तर मूळ फाइलमध्ये बदल न करता शेजारी आपल्या नावाची प्रत करा आणि परतल्यावर दोन्ही एकत्र करा.

ऑफलाइन असताना सामायिक फोल्डरांची नावं बदलू नका, फोल्डर हलवू नका. फाइलच्या आतला बदल सिंकला सांभाळता येतो. तुम्ही नाव बदललेल्या फोल्डरात दरम्यान दुसऱ्याने दहा फायली टाकल्या असतील तर निकाल सांगता येत नाही.

परतल्यावर लॅपटॉप चालू करा, नेटवर्क जोडा आणि काही मिनिटं काहीच उघडू नका. आधी सिंक होऊ द्या, मग कामाला लागा. घरी जाताना झाकण मिटण्यापूर्वीही तेच. वर चढणाऱ्या फायली अर्ध्यावर असताना झाकण मिटलं तर तुमचं दिवसभराचं काम फक्त तुमच्या लॅपटॉपवर राहतं आणि सहकारी रात्री जुन्याच प्रतीवर काम करत बसतो.

दोन प्रती झाल्या तर

दोघांनी वेगवेगळे बदल केले आणि ॲपला ते एकत्र करता आले नाहीत, की ते दोन्ही फायली ठेवतं. वनड्राइव्ह अशा प्रतीच्या नावात यंत्राचं नाव जोडतं, ड्रॉपबॉक्स 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहितं. हे दिसल्यावर घाबरून एक फाइल उडवू नका. ॲपने काहीच गमावलेलं नाही, निर्णय तुमच्यावर सोडला आहे.

वर्डमध्ये 'रिव्ह्यू' टॅबवर 'कम्पेअर' आहे. दोन्ही फायली दिल्या की फरक रंगात दिसतो आणि एकेक बदल स्वीकारता येतो. एक्सेलमध्ये काम हाताने करावं लागतं. दोन्ही शेजारी उघडा, बदललेल्या ओळी शोधा आणि एका प्रतीत आणा. एकत्रीकरण एकाच माणसाने करावं आणि बाकीच्यांनी तोवर फाइल बंद ठेवावी. झाल्यावर जुनी प्रत लगेच न पुसता 'जुन्या प्रती' नावाच्या फोल्डरात आठवडाभर ठेवा.

जागा मोकळी करणं आणि पुसणं यांतला फरक

एका सहकाऱ्याचा लॅपटॉप भरला होता. 'क्लाउडवर आहेच की' म्हणून तिने गटाचा सामायिक फोल्डर यंत्रावरून पुसून टाकला. पुसणंही सिंक होतं. काही मिनिटांत तो फोल्डर सगळ्यांच्या यंत्रांवरून नाहीसा झाला. फायली परत मिळाल्या, पण तो दिवस गेला.

जागा हवी असेल तर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. त्याने मजकूर यंत्रावरून जातो, नाव राहतं, क्लाउडवर सगळं सुरक्षित राहतं. 'डिलीट' म्हणजे सगळीकडून पुसणं. सामायिक फोल्डरातली फाइल ओढून स्वतःच्या फोल्डरात नेणं हेही इतरांसाठी पुसल्यासारखंच असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढं एक तरी शिकवा.

चूक झालीच तर मुदत लक्षात ठेवा. कार्यालयीन वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची गटाच्या फायलींची जागा) कचरापेटीत फायली ९३ दिवस राहतात, वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ३० दिवस, गूगल ड्राइव्हमध्येही ३० दिवस. पुसलेल्याऐवजी बिघडवलेली फाइल असेल तर आवृत्त्यांच्या इतिहासात जा. गूगल ड्राइव्ह वर्ड किंवा पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतं. जपायची आवृत्ती असेल तिच्यावर 'कीप फॉरएव्हर' करा.

या मुदती बघूनच लक्षात येईल की सिंक हा बॅकअप नाही. चार महिन्यांनी लक्षात आलेली चूक कचरापेटीत सापडत नाही, आणि रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, कुलूपबंद केलेल्या फायलीही इमानेइतबारे वर सिंक होतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला ३-२-१ चा नियम इथे पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत अशा डिस्कवर घ्या, जी एरवी संगणकाला जोडलेली नसते.

सिंक अडकलं तर हा क्रम

क्लाउडची जागा संपली का ते बघा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी ही ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो यांच्यात मिळून असते, त्यामुळे मेलला जोडलेल्या फायलींनीही ड्राइव्ह अडतं. मग ॲपमधली त्रुटींची यादी वाचा, तिथे फाइलचं नाव बहुधा दिलेलं असतं. ती फाइल कुठे उघडी आहे का आणि तिचं नाव नियमात बसतं का, ते तपासा. सिंक थांबवून पुन्हा चालू करा. ॲप बंद करून उघडा. खात्यातून बाहेर पडून पुन्हा जोडणं हा शेवटचा उपाय. त्याआधी वर न गेलेल्या फायलींची प्रत सिंकच्या बाहेरच्या फोल्डरात काढून ठेवा. ही प्रत न काढता लोक थेट ॲप काढून टाकतात आणि मग जे हरवतं ते क्लाउडवर कधी पोचलेलंच नसतं.

मालकी आणि सुरक्षा

गटाचं काम एका माणसाच्या वैयक्तिक फोल्डरात ठेवू नका. 'माय ड्राइव्ह'मधली फाइल त्या व्यक्तीच्या खात्याची असते. गूगलच्या 'शेअर्ड ड्राइव्ह'मधली फाइल गटाची असते, माणूस गेला तरी राहते. मायक्रोसॉफ्टच्या बाजूला तेच काम शेअरपॉइंट करतं. कर्मचाऱ्याचं खातं काढून टाकल्यावर त्याचं वनड्राइव्ह मूळ सेटिंगनुसार ३० दिवस राखलं जातं, तेवढ्यात व्यवस्थापकाने हवं ते काढून घ्यायला हवं. निरोपाच्या दिवसाच्या यादीत ही ओळ घाला.

ऑफलाइन फाइल असलेल्या प्रत्येक यंत्राची डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असली पाहिजे: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. हे नसेल तर लॅपटॉप चोरणाऱ्याला तुमचा पासवर्ड लागत नाही, डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की झालं. यंत्र हरवलं तर तास न दवडता आयटीला कळवा. पासवर्ड बदला आणि खात्याच्या सुरक्षा पानावरून त्या यंत्राचं लॉगिन रद्द करा. पण लॉगिन रद्द केल्याने आधीच उतरलेल्या फायली पुसल्या जातीलच असं नाही, म्हणून कूटबद्धीकरण आधीचं हवं.

दौऱ्यावरून परतल्यावर दुसरा ढीग सोडायला विसरू नका. सगळे बदल वर गेल्याची खूण बघा, एखादी फाइल ब्राउझरमधून उघडून खात्री करा, आणि मगच त्या फोल्डरवर 'फ्री अप स्पेस' करा.